पितळेवर आखलेलं साल

माझ्या थोरल्या भावाने स्वतःच्या मरणाचं साल पितळी पाटीवर आखून ठेवलं होतं. कोरलं नव्हतं, नुसतं आखलं होतं. आमच्या धंद्यात या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आखणी म्हणजे बारीक सुईने काढलेली रेघ. उजेड तिरपा पडला तरच ती दिसते आणि मनात आलं तर घोटून पुसता येते. कोरलेलं मात्र कायमचं.

आमचं दुकान अक्षरं कोरायचं. शर्यतींचे कप, पदकं, दारावरच्या पाट्या, अंगठीच्या आतली बारीक नावं, निवृत्त होणाऱ्या साहेबाला द्यायचं पेन, असलं काम येतं. दुकान इतकं अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरायचं. आत खिडकीशी बाक आहे. बाकावर वाळू भरलेली चामड्याची उशी, तिच्यावर वस्तू ठेवून ती फिरवत फिरवत कोरायची. हाताच्या अंतरावर भिंतीला कोरण्या टांगलेल्या, त्यांच्या लाकडी मुठी घामाने काळ्या पडलेल्या. दादाला सगळा बाजार 'अक्षरवाले' म्हणतो. त्याचं खरं नाव टपालवाल्याला काय ते ठाऊक.

बाकाच्या वर ती पाटी. सगळ्यात वर आजोबा, त्यांच्या खाली अण्णा, म्हणजे आमचे वडील, आणि अण्णांच्या खाली काका. नावापुढे जन्माचं साल, आडवी रेघ, मग मृत्यूचं साल. अण्णा आणि काका दोघेही पन्नाशी ओलांडल्यावर थोड्याच वर्षांत गेले, दोघेही हृदयाने. अण्णा तर त्याच बाकावर, हातात कोरणी असताना. काका गेले तेव्हा त्यांचं नाव दादाने पाटीवर घातलं आणि त्याच बैठकीत खाली आपलंही कोरून टाकलं. नाव, जन्मसाल, रेघ. रेघेपुढे, अण्णांचं वय धरून, एक साल सुईने आखून ठेवलं. वहिनींनी विचारलं, हे काय? तर म्हणाला, जागा नीट सोडायला लागते, नंतर कोरणाराची पंचाईत नको. जणू कुणा गिऱ्हाइकाच्या दाराची पाटी होती ती. त्या दिवसापासून वहिनींनी त्या पाटीवर फडकं मारणं सोडून दिलं.

'आमच्या पुरुषांचं रक्तच तसं' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. कुणी ते रडून म्हणत नसे. घराला पश्चिमेचं ऊन लागतं म्हणावं, तसं म्हणत. आयुष्याची दोरी देवाच्या हातात असते हे मी मानते, आजही मानते. पण त्या पाटीखाली उभी राहिले की मनात यायचं, ही रेघ देवाने आखली आहे की माझ्या भावाने?

घरात पुरुषांसाठी एक नियम होता. कोरणाराने अंग हलवायचं नाही. त्यामागचं कारण अगदीच खुळं होतं असं नाही. मनगट उशीवर टेकवलं की रक्ताचा ठोका थेट कोरणीच्या टोकापर्यंत पोचतो. डोळ्याला भिंग लावून बसलेल्या माणसाला तो दिसतो. ठोका होऊन गेला की पुढच्या ठोक्याआधी एक निवांत फट मिळते आणि बारीक अक्षराचं वळण त्या फटीत घ्यायचं असतं. धावून आलं, ओझं उचललं, जिने चढलं, की ठोके दाटीवाटीने येतात, फट उरत नाही, बोटंही थरथरतात. म्हणून अण्णांनी दादाला कधी खेळू दिलं नाही. शाळेत असताना तो मैदानाच्या कडेला बसून दुसऱ्या पोरांच्या चपला सांभाळायचा. पुढे त्याच पोरांच्या पोरांची नावं त्याने कपांवर कोरली, 'धावण्याच्या शर्यतीत पहिला' म्हणून.

बाकावर बसलेल्या पुरुषाने पाण्यासाठीसुद्धा उठायचं नाही. 'पाणी' एवढंच म्हणायचं आणि जवळ जी बाई असेल तिने आणून हातात द्यायचं. आमचं घर दुकानाच्या वर, दोन जिने चढून. पितळेचे पत्रे गाडीवरून उतरवणं, बाजारहाट, कपड्यांच्या बादल्या गच्चीवर नेणं, हे सगळं आई, आत्या, मी आणि पुढे वहिनी यांच्याकडे. वहिनींची जीभ तिखट. त्या पाहुण्यांना सांगायच्या, "आमच्या घरात दोन वस्तू जागच्या हलत नाहीत. एक कपाट आणि एक हे. कपाटाला निदान चाकं आहेत." दादाही हसायचा, पण बसूनच.

त्याला एकुलती एक लेक. घरात तिला खारुताई म्हणतात, कारण ती एका जागी कधी ठरलीच नाही. बापाचं कसब तिने आपणहून उचललं. अंगठीच्या आतलं काम आता तिच्याकडेच असतं. पण बाकावर बसायचं तर पळापळ बंद, ही दादाची अट. शाळेत असताना ती शर्यती पळायची. त्या तिने सोडल्या. बसची वाट बघताना पाय हलवत राहायची तेवढं राहिलं.

मग एका दुपारी ते झालं. खारुताई गिऱ्हाइकाशी बोलत होती. तिने वळून पाहिलं तर दादा कोरणी धरून थांबलेला. तिला वाटलं, बाबा पुढच्या अक्षराचा विचार करताहेत. मग त्याने हातातलं वळण पुरं केलं, कोरणी जागेवर ठेवली, आणि सांगितलं की छातीवर कुणीतरी बसलंय.  छातीवर कुणीतरी बसलेलं असताना हा माणूस अक्षर पुरं करत होता.

देवाची कृपा, वेळेवर पोचलो. एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. तिथे स्टेंट बसवला. घरी सोडताना डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, खाण्याचं सांगितलं आणि व्यायामाच्या खोलीचा पत्ता दिला. हृदयाचे रुग्ण तिथे नजरेखाली हळूहळू चालायला शिकतात. दादाचा चेहरा तेव्हाच उतरला.

पहिल्या दिवशी मीच बरोबर गेले, कारण वहिनी आणि खारुताई दुकान बघत होत्या. लांबट खोली, एका भिंतीला सरकत्या पट्ट्याची तीन यंत्रं, कोपऱ्यात वजनकाटा, खिडकीत वाळत घातलेले नॅपकिन. तिथल्या व्यायामवाल्या बाई ठेंगण्या, केस आखूड कापलेल्या, बोलताना पेन कानामागे खोचायच्या. दादाला जोडलेल्या तारांकडे बघत त्यांनी चौकशी केली. घरात आणखी कुणाला हा त्रास? दादाने अण्णांचं, काकांचं सांगितलं आणि वर म्हणाला, आमचं रक्तच तसं आहे बाई, तुमच्या पट्ट्यावर चालून रक्त थोडंच बदलणार.

बाई म्हणाल्या, रक्तातून जे येतं त्याला जनुकं म्हणतात, म्हणजे शरीराला मिळालेल्या सूचना. त्या सूचना बदलत नाहीत हे खरं. पण सगळ्या सूचना सगळा वेळ चालू नसतात. काही जाग्या असतात, काही झोपलेल्या, काही हळू बोलतात, काही मोठ्याने. स्नायू हलले की ते रक्तात निरोप सोडतात. ते निरोप पोचले की रक्तवाहिन्यांच्या आतलं अस्तर लवचिक ठेवणाऱ्या, चरबी आणि साखर जाळणाऱ्या सूचना जोरात कामाला लागतात आणि आतल्या आत सूज धुमसत ठेवणाऱ्या काही मंदावतात. माणूस बसून राहिला की उलटं. आणि एका दिवसाच्या चालण्याचा असर थोड्या वेळाने ओसरतो, म्हणून रोज चालायचं.

दादाने छातीवरच्या तारांकडे पाहिलं. मग त्याने विचारलं, "म्हणजे आखलेलं सगळंच कोरलं जातं असं नाही?"

बाईंना आधी कळलं नाही. मी त्यांना आमचं काम काय ते सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, असं म्हणायला हरकत नाही. पण मी हमी देत नाही हो. काही घरांत खरंच आखणी जड असते आणि सगळं सांभाळूनही माणूस जातो. धोका कमी करणं आपल्याकडे आहे, शून्य करणं नाही. मग त्यांनी विचारलं, घरातल्या बायकांचं काय? दादा म्हणाला, बायकांना काही होत नाही. बाई म्हणाल्या, बायकांना बरीच वर्षं शरीराची आपली थोडी राखण असते, ते एक कारण. पण त्या दिवसभर करतात काय? मी सांगत गेले. पत्रे, बादल्या, जिने, पाण्याचा तांब्या. पाण्याच्या तांब्याशी येऊन मी थांबले, कारण बाईंनी पेन कानामागून काढलं आणि दादाकडे नुसतं बघत राहिल्या. दादा पायातले नवे बूट बघत होता.

सुरुवातीला आठवड्यातले काही दिवस तो व्यायामाच्या खोलीवर जायचा, बाकीच्या दिवशी सकाळी रस्त्याने चालायचा. वहिनी खिडकीतून बघायच्या आणि डोळे पुसायच्या. मग कपाचं प्रकरण झालं.

कुठल्याशा क्लबाचा कप होता, धावण्यातल्या पहिल्या नंबराचा. घाईचं काम. दादा चालून आला आणि अंगातला घाम वाळायच्या आत बाकावर बसला. नावातल्या शेवटच्या अक्षराच्या वळणावर कोरणी सटकली आणि कपाच्या पोटावर आडवा ओरखडा गेला. उभ्या आयुष्यात त्याच्या हातून असं झालं नव्हतं. क्लबाला दुसरा कप आणून खारुताईने कोरून दिला. ओरखड्याचा कप दादाने फळीवर ठेवला आणि त्यात पेन्सिली घातल्या.

त्यानंतरही तो रोज सकाळी बूट घालून बाहेर पडत होता आणि व्यायामवाल्या बाईंना रस्त्यानेच चालतो म्हणून कळवत होता. पण एक दिवस वहिनी बूट पुसायला बसल्या. त्यांनी मला माझ्या घरी फोन केला. म्हणाल्या, "वन्सं, बुटांचे तळ दुकानातून आणले तसेच आहेत हो. हे चालतात कुठे, हवेत?"

तो बसत होता शेजारच्या चावीवाल्याकडे. दुकानाच्या मागच्या बाजूला, किल्ल्यांच्या पेट्यांमध्ये, एका स्टुलावर. चालून यायला लागेल तेवढा वेळ काढायचा, मग घरी जायचा. चावीवाला बिचारा शपथेला बांधलेला. दुसऱ्या सकाळी मी शोधायला निघाले, तर मला दारात बघून त्याने आपण होऊनच आतल्या बाजूला बोट केलं.

मी भांडायच्या तयारीने गेले होते. दादा म्हणाला, बस. मी दुसऱ्या स्टुलावर बसले. बाहेर यंत्रावर किल्ली घासली जात होती, त्यामुळे आमचं बोलणं कुणाला ऐकू गेलं नसतं. त्याने दोन्ही हात पुढे करून मला दाखवले.

"हे गेले तर मी जगून काय करू? दाराशी बसून रस्ता बघू?"

मी म्हटलं, वहिनींचं काय, पोरीचं काय.

"पोर तयार झालीय. आणि साल तसंही जवळच आलंय. हात शाबूत घेऊन जाईन, अण्णांसारखा."

 व्यायामवाल्या बाईंचं सगळं बोलणं पाठ होतं, पण ते हृदयाबद्दल होतं, आणि माझा भाऊ हाताबद्दल बोलत होता. संध्याकाळी देवापुढे बसले तेव्हा मागणंही नीट मागता येईना. मग मला आत्या आठवली.

आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. नव्वदीला टेकलेली, शहराच्या दुसऱ्या टोकाला चौथ्या मजल्यावर एकटी राहते. इमारतीला लिफ्ट नाही. जिन्यांचं निमित्त सांगून दादा कित्येक वर्षांत तिच्याकडे गेला नव्हता आणि आत्या त्यावरून त्याला जाहीरपणे 'आमचा पुतळा' म्हणायची. मी फोनवर सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, दुकान कितीला उघडतं.

दुसऱ्या दिवशी ती बसने आली आणि थांब्यापासून चालत. खारुताई पिशवी घ्यायला धावली तर म्हणाली, पिशवी माझी आहे. दादा बाकावरून अर्धवट उठला. आत्याने त्याला हातानेच बसवलं, फळीवरचा ओरखड्याचा कप उतरवला, चष्म्यातून बघितला आणि परत ठेवला. मग पाटीकडे बोट केलं.

"सगळ्यात वरचं वाच."

दादाने आजोबांचं नाव वाचलं. जन्माचं साल, मृत्यूचं साल.

"आता वजाबाकी कर."

उत्तर ऐंशीच्या पुढे जात होतं. आम्हाला ते ठाऊक नव्हतं असं नाही. पण आजोबांची गोष्ट वेगळी, असं म्हणून आम्ही त्यांना कायम हिशोबातून बाजूला ठेवलं होतं. दादा तेच म्हणाला. त्या काळचं खाणं वेगळं, हवा वेगळी.

आत्या म्हणाली, खाणं कसलं वेगळं, अर्धं पोट रिकामं असायचं. वेगळं एकच होतं. आजोबांना दुकान नव्हतं. हत्यारांची पिशवी खांद्याला लावून ते या गावाहून त्या गावी, या कचेरीतून त्या कचेरीत पायी हिंडायचे आणि जिथे काम मिळेल तिथे बसून कोरायचे. ती लहान असताना त्यांच्याबरोबर गेलेली. पोचल्या पोचल्या ते कोरणीला हात लावत नसत. आधी दगडावर धार लावत बसायचे. मग सुईने सावकाश आखणी करायचे. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की म्हणायचे, जरा थांबा, माझे पाय अजून चालताहेत. धार झाली, आखणी झाली, तोवर ठोके शांत होत. मग कोरणी.

"आणि कपाचं म्हणशील," आत्या म्हणाली, "तर तुझ्या बापाचाही असाच एक गेला होता."

हे मात्र आम्ही कुणी कधी ऐकलं नव्हतं. दुकान नवं होतं. अण्णा एका मोठ्या ढालीचं काम वर घरी विसरले म्हणून दोन जिने पळत चढले, तसेच पळत उतरले आणि लगेच कोरायला बसले. ढाल बिघडली. ती परत करायला अण्णांना लाज वाटली म्हणून आत्याला पाठवलं. ती बोलणी खाऊन आली.

"त्याला वाटलं, पायांनी हात बिघडवला. बिघडवला घाईने. पण त्या दिवसापासून तो त्या बाकाला जो चिकटला तो उठलाच नाही. आणि आम्हा बायकांना पळायला लावलं. एका अर्थी उपकारच केले म्हण."

खारुताई फिसकन हसली. दादा हसला नाही.

"रक्ताचं मला सांगू नकोस," आत्या उठता उठता म्हणाली. "त्याच घरातलं रक्त माझ्याही अंगात आहे. एकदा मला जिने चढताना बघ, मग बोलू." आणि पिशवी उचलून, पाणीसुद्धा न घेता, ती निघून गेली. जाताना चावीवाल्याच्या दारात थांबून त्यालाही दोन शब्द ऐकवले असावेत, कारण दुसऱ्या दिवशी त्याच्याकडचं ते स्टूल नाहीसं झालं होतं.

पुढे व्यायामवाल्या बाईंना मी ही हकिगत सांगितली. त्या म्हणाल्या, एका घरातल्या चार माणसांवरून काही सिद्ध होत नाही, दुसरीही कारणं असतील. पण तुमच्या आत्यांनी जे केलं ते मला गोळ्यांच्या चिठ्ठीवर लिहून देता आलं नसतं.

दादाने कामाचा क्रम बदलला. 'मी बदललं' असं तो म्हणत नाही. म्हणतो, जुना क्रम परत आणला. सकाळी चालणं. आल्यावर धार आणि आखणी. कोरणं जेवणाआधी नाहीच. घाईचं काम आलं तर खारुताई सांगते, आमच्या बाबांचे पाय अजून चालताहेत. गिऱ्हाइकाला काही कळत नाही, पण तो थांबतो. तीही आता बापाबरोबर निघते. ती पुढे, दादा मागे. पहिल्या पहिल्यांदा ती मागे वळून म्हणायची, बाबा, ती काठीवाली आजीसुद्धा आपल्याला मागे टाकून गेली. दादा म्हणायचा, जाऊ दे, तिला घाई असेल.

सगळं सरळ झालं असं नाही. खोलीतल्या पट्ट्यावर एकदा त्याच्या छातीत आवळल्यासारखं झालं. बाईंनी पट्टा हळूहळू थांबवला, त्याला बसवलं, डॉक्टरांना बोलावलं. मग एक गोळी बदलली आणि काही दिवस चाल अगदी मंद ठेवली. त्या दिवशी घरी येताना तो मला म्हणाला की बसल्या बसल्या त्याला ती पाटी दिसली, आखलेल्या सालासकट. मला वाटलं, आता हा सोडणार. पण दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला की हे चालायला गेलेत, आणि मी खिडकीतून बघितलंय, खरोखर गेलेत.

अशाच एका दुपारी मी दुकानात शिरले तर दादा कोरणी हातात धरून थांबलेला. हालचाल नाही.  हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याने डावा हात वर करून मला थांबवलं. भिंगातून कोरणीच्या टोकाकडे बघत होता. मग वळण घेतलं. सावकाश घेतलं. पूर्वी तेवढ्या वळणाला तो दोनदा थांबायचा.

"फट रुंद झालीय," तो म्हणाला.

मला आधी अर्थच लागला नाही. मग त्याने माझं बोट धरून आपल्या मनगटावर ठेवलं. ठोका आला, गेला, आणि पुढचा यायच्या आधी जरा वेळ गेला.  पुढच्या वेळी मी व्यायामवाल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, चालून चालून हृदय बळकट झालं की एका ठोक्यात जास्त काम करतं, मग त्याला घाई करावी लागत नाही. गोळ्यांनीही ठोके कमी होतात, त्यांचं श्रेय त्यांना द्या आणि बंद करू नका. दादा म्हणाला, श्रेय कुणालाही द्या. ज्या हातासाठी मी चालायचं टाळत होतो तो चालण्याने सुधारला, एवढं मला कळलं.

मग ते साल उजाडलं, पाटीवर आखलेलं. कुणी त्याचा उल्लेख करत नव्हतं. वहिनी दर महिन्याला दिनदर्शिकेचं पान स्वतः फाडायच्या, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. मी देवाकडे फार मोठं मागितलं नाही. एवढंच म्हटलं की रेघ तुझी असेल तर तुझी मर्जी, त्याची असेल तर पुसायला बळ दे. खारुताई म्हणायची, बाबा, घोटून टाकू का आता? दादा म्हणायचा, साल सरू दे. काम पुरं झाल्याशिवाय माझी आणि सालाची पैज कोण जिंकलं ते सांगता येत नाही.

साल सरलं. नव्या सालातल्या पहिल्याच कामाच्या दिवशी दादाने पाटी भिंतीवरून उतरवली आणि लेकीपुढे ठेवली. तिने तेलाचा थेंब टाकून घोटणीने, म्हणजे घोटायच्या गुळगुळीत पोलादी हत्याराने, ते साल घासत घासत नाहीसं केलं. वहिनी बाजूला फडकं घेऊन उभ्या होत्या. काम झाल्यावर त्यांनी पाटी पुसली. कितीतरी वर्षांनी.

पण आत्याला दाखवल्याशिवाय दादाला चैन पडेना. पाटी कापडात गुंडाळून तो निघाला आणि मीही बरोबर गेले. चार मजले. तो प्रत्येक वळणावर थांबला, भिंतीला हात टेकला, श्वास बसला की पुढे. मी पाटी मागितली तर म्हणाला, पाटी माझी आहे. वर पोचलो तेव्हा आत्या दार उघडून उभीच होती. पावलांचा आवाज तिने केव्हाच ओळखला असणार.

तिने पाटी मांडीवर घेतली, खिडकीच्या उजेडात तिरपी धरली आणि रेघेपुढच्या मोकळ्या जागेवरून बोट फिरवलं.

"खळगा राहिलाय की जरासा."

दादा म्हणाला, घासलं की थोडा राहतोच, राहू दे. मग खुर्चीत टेकला. घाम आला होता, श्वास अजून पुरता बसला नव्हता. जुन्या सवयीने त्याच्या तोंडून निघालं, पाणी.

मी उठायला लागले. आत्याने माझा पदर धरून मला खाली बसवलं.

"आत ओट्यावर आहे," ती त्याला म्हणाली. "तुझे पाय चालताहेत ना अजून? मग घे जाऊन. आणि येताना मलाही आण."